तबकड्यांची मोजदाद

गाणी सगळी फोनवर आहेत, हे आधीच लिहून ठेवतो. पुढची यादी गाण्यांची नाही. गाण्यांच्या भोवती जे होतं आणि फोनवर जे आलं नाही, त्याची आहे. सांगलीच्या आमच्या घरातल्या माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक, एक लाकडी पेटी आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा खाली काढला, तेव्हापासून ही यादी करतो आहे. क्रम लावलेला नाही. हाताला येईल तसं लिहितो.

लाखेच्या तबकड्या. ट्रंकेत सगळ्या ७८च्याच, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. दहा इंचांची तबकडी दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. हातात घेतली की आधी वजन जाणवतं. छोटा नागपूरकडच्या पळस-बोर-कुसुमाच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्याची ही लाख. तीत दगडाची भुकटी आणि काजळी कालवायची, तापवायची आणि साच्यात दाबायची. आरंभी हे काम जर्मनीत हॅनोव्हरला होई. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघाला, पुढे तो डमडमला गेला. म्हणजे तबकड्या इथे होऊ लागण्याआधी लाख इथून जायची, आवाजही इथलाच जायचा आणि गाणं बोटीने परत यायचं. बाकीच्या जगाने ७८ची तबकडी सोडून दिली, तरी आपल्याकडे ती निघतच होती. बीटल्सची गाणीसुद्धा ७८वर निघाली, ती भारतात. लोकांकडे अजून चावीचे ग्रामोफोन होते आणि त्यांना वीज लागत नव्हती.

लाखेची तबकडी हातातून निसटली की संपली. ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात काही तुकडे बांधून ठेवलेले निघाले. जमिनीवर पसरून जुळवले. एक तबकडी मास्टर दीनानाथांची, एक हिराबाई बडोदेकरांची. दीनानाथांच्या तबकडीचा एक तुकडा नाही. वाजणार नाही हे दिसत असूनही कुणीतरी ते तुकडे गोळा केले, गाठ मारली आणि ठेवून दिले. गाठ आजीची असावी; ती अशीच दुहेरी गाठ मारायची.

सुया. पत्र्याच्या दोन डब्या, झाकणावर कर्ण्याशी कान लावून बसलेला कुत्रा. एका डबीत कोऱ्या सुया, दुसरीत वापरलेल्या. एक सुई एकाच बाजूला वापरावी असा नियम होता आणि त्याला कारण होतं. लाखेत कालवलेली भुकटी मुद्दामच कठीण असे. पहिल्या काही फेऱ्यांत ती पोलादी सुईचं टोक घासून चरीच्या मापाचं करी. मग सुई नीट बसे, आवाज भरे. बाजू संपेपर्यंत तेच टोक इतकं झिजे की पुढच्या बाजूला लावली तर सुईच चर खरवडायला लागे. वापरलेल्या डबीतली एक सुई भिंगाखाली धरली. टोक राहिलेलंच नाही. एका अंगाने तासून छिन्नीसारखी धार आली आहे. आण्णा, म्हणजे माझे आजोबा, एका सुईवर दोन बाजू काढत असणार. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत सुया सहज मिळतही नसतील.

नाव. अगदी जुन्या तबकड्यांत गाणं संपता संपता गाणारी आपलं नाव सांगते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला, नोव्हेंबरात गौहर जानने कर्ण्यात तोंड घालून गायलं आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव पुकारलं. मेणावरचा ठसा हॅनोव्हरला जायचा. तिथल्या माणसांना ना भाषा कळे ना आवाज ओळखता येई. कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं ते कळावं, म्हणून ही सोय.

आमच्या ट्रंकेत अशी एकच आहे. लेबल पूर्ण गेलेलं, मधे नुसता तांबूस डाग. बाईचा आवाज उंच पट्टीतला, गायकी ठुमरीच्या अंगाची, मागे सारंगी. गाणं थांबतं, एक श्वास ऐकू येतो आणि ती नाव सांगते. तिथेच नेमकी खरखर इतकी वाढते की शेवटचं ‘बाई’ का ‘जान’ एवढंही लागत नाही. कानाला हेडफोन लावून, आवाज कमीजास्त करून, पुन्हा पुन्हा ऐकलं. मग सुयांची डबी आठवली आणि उलगडा झाला. सुई कडेवरून आत येते, आत येईपर्यंत बोथट होते, आणि आतल्या चरी लहान घेराच्या. सगळ्यांत जास्त खरवड तिथेच होते. नाव सांगायची जागाही तीच. ज्या तबकड्या लोकांनी सगळ्यांत जास्त ऐकल्या, त्यांवरची नावं सगळ्यांत आधी पुसली गेली असणार.

न झालेल्या तबकड्या. या यादीत त्यांना जागा द्यायलाच हवी. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेब इथून जवळच कोल्हापूरच्या दरबारात होते. १९४६पर्यंत जगले, आजूबाजूला ध्वनिमुद्रणाचा एवढा सुकाळ होता, आणि त्यांचीही तबकडी नाही. जयपूर घराण्याचं सगळं गाणं ज्यांच्यापासून सुरू होतं, त्यांचा आवाज कसा होता हे शिष्यांच्या आवाजावरून ताडायचं. साडेतीन मिनिटांत ख्याल उरकायचा हे ज्यांना मानवलं नाही, त्यांना मी दोष देत नाही. पण ट्रंकेसमोर बसलं की ही रिकामी जागा टोचते.

मानवलं त्यांच्यात अब्दुल करीम खाँसाहेब. मिरज आम्हाला हाकेच्या अंतरावर. खाँसाहेब तिथे राहिले, १९३७ साली गेले आणि तिथेच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या तबकड्या या भागात घरोघर असत. आमच्याकडे दोन आहेत. तीन-सव्वातीन मिनिटांत काय मांडायचं यापेक्षा काय टाकायचं हे त्यांनी आधी ठरवलेलं दिसतं. दमसासाचं प्रदर्शन नाही, तयारीचा धाक नाही. षड्ज लागला की पहिल्या चार-पाच फेऱ्यांतच राग समोर उभा राहतो. त्या तबकड्यांची खरखर मला चालते. सफाई करून, खरखर काढून फोनवर टाकलेली त्यांतलीच एक ठुमरी ऐकली. खरखरीबरोबर तंबोऱ्याची जव्हारीही निघून गेली आहे.

भावगीतं. हा गाण्याचा प्रकार या मापातच वाढला असं मला वाटतं. ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी १९३०च्या दशकात तबकडीवर गायली आणि नाटक-कीर्तनाच्या बाहेरचं, घरात बसून ऐकायचं मराठी गाणं रुजलं. मग गजानन वाटवे. कविता तीन कडव्यांची, तबकडी तीन मिनिटांची. पेटीत या तबकड्यांचा वेगळा कप्पा आहे आणि तो सगळ्यांत झिजलेला आहे. जोशी पुढे ध्वनिमुद्रिका कंपनीत अधिकारी झाले आणि त्यांनी इतरांना गायला बसवलं. थोरामोठ्यांची मनधरणी करून केलेल्या त्या ध्वनिमुद्रणांची हकिगत त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’मध्ये लिहिली आहे. १९६७ची शिवकुमार-हरिप्रसाद-ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ही त्यांच्याच कल्पनेतली. ती आमच्या गठ्ठ्यात आहे. तिच्याबद्दल पुढे पुराच्या नोंदीत.

‘नाच रे मोरा’ची ७८. १९५३च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातली. गदिमा, पु. ल. आणि आमच्या सांगलीत जन्मलेल्या आशाबाई. लेबलावर कुणीतरी रंगीत खडूने मोर काढला आहे.

पिशव्या. तबकडीची कागदी पिशवी, मधे लेबल दिसायला गोल भोक. पिशवीवर दुकानाचं नाव-गाव. त्या काळी तबकड्यांचं वेगळं दुकान गावोगाव कुठलं असायला! घड्याळं, सायकली, हार्मोनियम, शिवणयंत्रं आणि तबकड्या एका छपराखाली. फोन नंबर तीन आकडी. यातलं एकही दुकान आता नाही. एका जागी मोबाइलची कव्हरं मिळतात, एका जागी बँकेचं एटीएम आहे.

पिशव्यांवरची हस्ताक्षरं मला गाण्यांइतकीच मोलाची वाटतात. जांभळी शाई, बोरूचं वळण अजून न सुटलेलं. ‘पाडवा’, आणि पुढे साल. ‘पगारवाढ’. ‘आक्का पास.’ आक्का म्हणजे माझी आत्या. मॅट्रिक पास झाली त्या वर्षीची ही. एका पिशवीवर ‘बाजू दुसरी ऐकू नये’ एवढंच. अर्थातच ऐकली. त्या बाजूला एक करुण पद आहे, ऐकण्यासारखं आहे. कुणी, कुणासाठी लिहिलं असेल ते घरात आता कुणाला ठाऊक नाही.

वही. लांबोडकी, हिशेबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची. तबकड्या कुणाकडे गेल्या त्याची नोंद. रकाने आण्णांनी पट्टीने आखलेले: तारीख, नंबर, गाणं, कोणाकडे, परत. ‘कोणाकडे’ या रकान्यात माणसांची नावं क्वचित, धंदे जास्त. वकील. पेठेतले डॉक्टर. पोस्टमास्तर. वाड्यातल्या वहिनी. भिशीवाले. आमच्या गल्लीत ग्रामोफोन दोनच होते, पण तबकडी दहा घरांची असे. आपल्याकडची द्यायची, त्यांच्याकडची आणायची. सणाला ज्याच्याकडे पाहुणे त्याच्याकडे सगळ्यांच्या तबकड्या जमा. या वहीवरून त्या वर्षांतल्या गल्लीचं जाणं-येणं मांडता येईल. कोण कुणाशी बोलत होतं, कोणाचं बिनसलं, कोणाच्या घरी दुःख झालं. एका घराच्या नावापुढे चार महिने एकही नोंद नाही आणि मग एकदम पाच भजनांच्या तबकड्या.

लग्नात गेलेल्या तबकड्या वेगळ्या ओळखू येतात. सनईच्या, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या. लाउडस्पीकरवाला मांडवात टेबल टाकून बसायचा, भोंगा आंब्याच्या नाहीतर नारळाच्या झाडाला, आणि पहाटेपासून तीच सनई. सुई बदलायला त्याला फुरसत कुठली. वहीत अशा तबकड्यांपुढे आण्णांनी ‘परत’च्या रकान्यात बरोबरची खूण करून खाली बारीक लिहिलं आहे, ‘घासून’. तरीही पुढच्या लग्नसराईत दिल्याच आहेत.

खटका. लाकडी पेटीत फिएस्टा निघाला. एच.एम.व्ही.चा रेकॉर्ड प्लेअर, सुटकेससारखा मिटणारा, झाकणातच स्पीकर. हे यंत्र पुढच्या पिढीचं, काकांनी पहिल्या नोकरीत घेतलेलं. त्याला गती बदलायचा खटका आहे: १६, ३३, ४५, ७८. अठ्ठ्याहत्तरवर आण्णांच्या तबकड्या, पंचेचाळीसवर छोट्या ई.पी., तेहतिसावर एल.पी. आणि सोळा? सोळाची तबकडी आमच्याकडे नव्हती, कुणाकडेच नव्हती. लहानपणी आम्ही तिथे खटका नेऊन एल.पी. वाजवायचो, बाईंचा बुवा व्हायचा.

सोळावर वाजणारी एक तबकडी मात्र आहे, आणि तिच्यावर आपलं माणूस आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंचांची एकेक तबकडी बसवली. गती मिनिटाला १६ पूर्णांक २ तृतीयांश फेरे. सोबत पिनसुद्धा दिली आहे. तिच्यावर पृथ्वीवरच्या निवडक संगीतात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. तबकडीवरचं संगीत निवडणाऱ्या कार्ल सेगन यांच्या मंडळाला रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने ही निवड सुचवली. पण तोवर ती ध्वनिमुद्रिका बाजारातून गेली होती. शोधाशोध करता करता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखालच्या खोक्यात, ती सापडली. मला यातलं यानापेक्षा ते टेबल जास्त दिसतं. ते खोकं त्या आधीच्या वर्षी कुणी आवराआवरीत बाहेर टाकलं असतं तर?

केसरबाई त्याच अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, ज्यांची तबकडी नाही. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या जपूनच असत. व्हॉयेजर-१ सुटलं १९७७च्या ५ सप्टेंबरला, व्हॉयेजर-२ त्याच्या आधी २० ऑगस्टला. बाई गेल्या त्याच महिन्यात, १६ सप्टेंबरला. व्हॉयेजर-१ आता २४ अब्ज किलोमीटरांहून लांब आहे.

पिन. फिएस्टाची पिन दोन तोंडांची. छोटीशी कळ फिरवली की एका अंगाला ७८चं टोक, दुसऱ्या अंगाला एल.पी.चं. ७८ची चर रुंद, तिला टोक जाड लागतं, एल.पी.च्या तिप्पट. एल.पी.चं टोक ७८वर ठेवलं तर ते चरीच्या तळाशी नुसतं खडखडत जातं. ही पिन आता सांगलीत मिळत नाही. मुंबईहून मागवली.

नंबर. प्रत्येक तबकडीला नंबर आणि नंबराच्या आधी अक्षरं. ई-ए-एस-डी, ई-सी-एस-डी, अशी.  काका गाण्याचं नाव न घेता नंबर सांगायचे आणि समोरच्याला कळायचं. लेबलाच्या लगतच्या गुळगुळीत पट्ट्यात आणखी एक नंबर बारीक कोरलेला असतो. तो साच्याचा. लेबल गेलेल्या त्या अनामिकेचा हा नंबर मी टॉर्च तिरका धरून उतरवून घेतला आहे. जुन्या तबकड्यांच्या याद्या लावणारे अभ्यासक आहेत. मुंबईत १९९०पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था हेच काम करते आहे. अशा नंबरावरून गाणारीचं नाव लागू शकतं. चिठ्ठी पाठवली आहे.

कव्हरांच्या पाठी. एल.पी.च्या कव्हराच्या मागच्या बाजूला मजकूर असे. रागाची माहिती, गायकाची तालीम कुणाकडे, साथीला कोण. ‘शिवकल्याण राजा’ १९७४ची, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या वर्षीची. ती आणली त्या दिवशी काकांनी कव्हर दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचून दाखवलं होतं असं आई सांगते. एल.पी. ऐकणं म्हणजे अर्धं वाचणं होतं. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तंबोऱ्यावरच्या शिष्यांची नावंसुद्धा. आता फोनवर गाणं लागतं तेव्हा गायकाचं नाव, चौकोनात एक चित्र. तबलजीचं नाव हवं असेल तर शोधत बसा. संगतकारांची नावं आपल्या डोळ्यांसमोरून गेली ती अशी, कुणी काही न बोलता. मला याचा राग येतो आणि तो मी इथे नोंदवून ठेवतो.

पुराच्या खुणा. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. माळा वाचला म्हणून ट्रंक आणि पेटी वाचली. दिवाणखान्यातल्या कपाटाच्या खालच्या खणातल्या एल.पी. नाही वाचल्या. ओसरल्यावर खण उघडला तेव्हा पुठ्ठे फुगून एकमेकांना चिकटलेले, शाई उतरलेली, वास. तेव्हा घाईघाईत सुतळीने बांधून जो गठ्ठा माळ्यावर टाकला, तोच आता सोडला. ‘कॉल ऑफ द व्हॅली’चं कव्हर हातातच सुटलं. पाठीवरचा मजकूर गेला, पुढचं चित्र गेलं.

तबकडी आत शाबूत होती. प्लास्टिकला पाणी काही करत नाही. गाळ मात्र चरीत जाऊन बसतो आणि वाळला की दगड होतो. बादलीत नव्हे, मांडीवर टॉवेल घेऊन, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, चरीच्या दिशेने गोल. लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. एका बाजूला अर्धा तास गेला. पहिलं पाणी मातीच्या रंगाचं निघालं. पुष्कळ जण स्पिरिटने पुसा म्हणून सांगतात. प्लास्टिकच्या तबकडीचं एक वेळ ठीक, पण ७८ला स्पिरिट लावणं म्हणजे ती पुसून टाकणंच. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फर्निचरचं पॉलिश तसंच तर करतात. हे ज्यांच्या माळ्यावर तबकड्या असतील त्यांनी लक्षात ठेवावं. आणि आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून लांब. आडव्या रचलेल्यांतल्या तळाच्या तीन वाकल्या आहेत. पिन त्यांवर चढते, उतरते, आणि सूरही.

बाजू पलटणं. वीस-बावीस मिनिटांनी कुणीतरी उठायचं. विलंबित एका बाजूला, द्रुत दुसऱ्या. मधे जो वेळ जाई त्यात ऐकलेल्याबद्दल बोलणं होई. तो वेळ गेला.

करडे पट्टे. ही नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

एल.पी. दिव्याखाली तिरकी धरली की काळा रंग सगळीकडे सारखा दिसत नाही. जिथे पिन पुन्हा पुन्हा फिरली तिथे चमक गेलेली असते. करडा पट्टा दिसतो. एका बाजूला पाच-सहा गाणी असतील तर कुठलं किती वाजलं ते न वाजवता कळतं. भीमसेनांच्या अभंगांच्या एल.पी.वर दुसऱ्या बाजूचा पहिला पट्टा करडा, बाकीचे बरे. ‘शिवकल्याण राजा’ सुरुवातीला पार झिजलेली आणि पुढे पुढे काळीभोर. घरातल्या पोरांनी लावायची, थोडा वेळ ऐकायची आणि खेळायला पळायचं, असं झालेलं दिसतं. वसंतराव देशपांड्यांची एक एल.पी. अगदी नवी, चरीला पिन लागलेलीच नाही. कव्हरात भेटकार्ड आहे. ज्यांनी दिली त्यांच्याशी पुढे घराचं जमलं नव्हतं.

आणि नाट्यपदांची एक एल.पी. तिच्यावर एका पदाच्या बरोबर मध्यावर टिंबं आहेत. बारीक, चमकती, एका ठिकाणी गर्दी करून. पिन टेकवल्याची ती टिंबं आहेत. गाण्याच्या सुरुवातीला अशी चार-दोन टिंबं सगळ्याच तबकड्यांवर असतात, कारण पिन तिथेच ठेवतात. गाण्याच्या मध्यावर कोण कशाला ठेवेल? पिन बरोबर तिथे ठेवून ऐकलं. एक तान आहे, अवरोहात दोन सूर ओलांडून एकदम खालच्या जागेवर येणारी. ती संपली की टिंबांचा भाग संपतो. म्हणजे कुणीतरी तेवढीच तान ऐकून पिन उचलली, पुन्हा मागे ठेवली, पुन्हा उचलली.

आक्का आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला तबकडी दाखवली. तिला टिंबं दिसत नाहीत. बोट फिरवायला गेली, मग आपणच हात मागे घेतला, बोटं लावायची नाहीत हे तिनेच आम्हाला शिकवलेलं. “ती जागा येईना रे,” म्हणाली, “म्हणून.” आली का मग, विचारलं. “दोन वर्षांनी.”

तेच पद, त्याच गायिकेचं, फोनवर स्वच्छ आहे. ही प्रत एकच आहे. तबकडी विकणाऱ्याच्या भाषेत हिची किंमत शून्य, कारण ती खराब आहे.

कुठे जातात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर. तिथे पोचलेल्या तबकड्यांचं नशीब बरं. तिथे कुणीतरी लेबल वाचतो. मुंबईचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आलं. घरोघरच्या माळ्यांवरून ज्या जातात त्यांच्याबद्दल कोण लिहिणार? पुष्कळ रद्दीवाल्याकडे वजनावर जातात. काहींची भिंतीवरची घड्याळं होतात. एल.पी. गरम करून वाकवून तिची वाटी करतात आणि भेट म्हणून देतात, हे पाहिलं आहे. हिंदी सिनेमाची तबकडी असेल तर तिच्या हजारो प्रती निघालेल्या असतात. पण नाट्यपदं, कीर्तनं, सोंगी भजनं, गावोगावच्या शाहिरांच्या तबकड्या थोड्या निघाल्या, थोड्या उरल्या. त्यांतल्या कित्येकांची गाणी फोनवरही नाहीत. लेबल वाचल्याशिवाय देऊ नका. वाचता येत नसेल तर फोटो काढा, नंबर लिहून ठेवा.

बाकी. वहीतल्या ज्या ओळींत ‘परत’चा रकाना मोकळा आहे त्या शेवटच्या पानावर एकत्र उतरवल्या. बालगंधर्वांची एक, भिशीवाल्यांकडे. वाटव्यांची एक, पोस्टमास्तरांकडे; त्यांची बदली झाली आणि तबकडीही गेली. द. वि. पलुस्करांची भजनं, वकिलांकडे. वकिलांचं घर अजून आहे, नातू राहतो. परवा त्याच्याकडे वही घेऊन गेलो. त्यांचा माळा उघडायला शिडी लागते, ती रविवारी मिळाली. पलुस्कर निघाले, आमच्या पिशवीत, आण्णांच्या अक्षरासकट. त्यांच्याकडेही एक वही होती. आमच्याइतकी नीट आखलेली नव्हती, पण होती. तिच्यात आमच्या नावावर दोन तबकड्या बाकी आहेत. एक सापडली. दुसरी केशवराव भोळ्यांची. ती अजून शोधतो आहे.